पंजा की बोट

माझ्या ताईला शिबिरातली दीडशे मुलं सिस्टर म्हणायची. स्वयंपाकी, ड्रायव्हर, व्यवस्थापक, सगळेच सिस्टर म्हणायचे. तिची खरी सिस्टर मी एकटी, आणि मी तिला ताई म्हणते. वर्षभर ती एका शाळेत नर्स होती आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की सहा आठवडे निवासी शिबिरात. लोक सुट्टीत घरी येतात, ही बाई सुट्टी लागली की घरातून निघायची. यावरून मी तिला पुष्कळ बोलले आहे. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

शिबिराची पहिली सकाळ तिची सगळ्यात गडबडीची असे. आईबाप मुलांना सोडायला आले की आधी तिच्या टेबलापाशी रांग लागे. दम्याचे पंप, ॲलर्जीच्या गोळ्या, कसली कसली टॉनिकं पिशव्यांतून बाहेर निघत. ती प्रत्येकाचा वेगळा डबा करी, वर नाव चिकटवी आणि विचारी, "झोपेत चालतो का? अंथरूण ओलं करतो का?" दुसरा प्रश्न ती आईच्या कानाशी जाऊन विचारायची, कारण मुलगा बाजूलाच उभा असे.

मग तिसऱ्या दिवसापासून पोटं दुखायला लागत. पहिले दोन दिवस नवलाईत जातात, तिसऱ्या दिवशी घर आठवतं. पण बारा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर "आई हवी" कसं म्हणेल? त्याचं पोट दुखतं. ताई त्याला जास्त काही विचारत बसत नसे. "कुठे दुखतं, दाखव," एवढंच म्हणे. त्याने अख्खा पंजा पोटावर ठेवला तर घराची आठवण. एका बोटाने नेमकी जागा दाखवली तर गाडी काढायची आणि डॉक्टरकडे न्यायचं. ताप बघणं, पोट दाबून बघणं हे ती करायचीच, पण तिची सगळी मदार या पंजा आणि बोटावर. पंजावाल्याला ती साखर-मिठाचं पाणी पाजायची, शेजारी स्टुलावर बसवायची आणि कापसाचे बोळे वळायला लावायची. बरणी अर्धी भरेपर्यंत पोट थांबलेलं असे. "माझ्याकडे कापसाचे बोळे कधी कमी पडत नाहीत," असं ती हसून सांगायची.

तिची स्वतःची मुलगी त्या सहा आठवड्यांत माझ्याकडे असायची. भाऊजी फार लवकर गेले, त्यामुळे दुसरं कोण होतं? मी सांगतेय त्या वर्षी मुलगी नऊ वर्षांची, गोल डोळ्यांची, लहान चणीची. माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावायचा तिला नाद होता, म्हणून मी तिला बटणच म्हणायची. शिबिरात दहा वर्षं पूर्ण झालेल्यांनाच घेत. व्यवस्थापकांनी नियम मोडला नाही आणि ताईनेही गळ घातली नाही. "पुढच्या वर्षी मी पण आईच्या शिबिरात," असं बटण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा तिने सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी एका दुपारपासून ती जेवेना. पोट दुखतं म्हणाली. ताईचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा, मुलांची औषधं वाटून झाली की. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी जाऊन तीनच दिवस झालेत ना? तिसऱ्या दिवसाचं पोट असेल. साखर-मिठाचं पाणी दे, आणि तुझी बटणं दे लावायला." बटणने फोन घेतला, आईशी बोलली, जरा रडली. मलाही तेच वाटलं. एवढ्यापर्यंत चूक कुणाचीच नाही, असं मी आजही म्हणेन.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा फोन आला. मी मशीनवर होते. एका गिऱ्हाइकाचा ड्रेस सकाळी द्यायचा होता आणि बाही दोनदा उसवून झाली होती. डोकं भणभणलं होतं. फोन मान आणि खांद्यात धरून मी पाय मारतच होते. ताईने विचारलं, "अजून दुखतंय? हात कसा ठेवलाय बघ. पंजा की बोट?"

बटण माझ्या पाठीमागे दारात उभी होती. मला फक्त मान वळवायची होती.

"पंजा," मी म्हणाले. "अख्खा पंजा. तुझीच पोर आहे, नाटकी."

पाय थांबला नव्हता. मशीनही थांबलं नव्हतं.

पहाटे तिला ताप चढला. सकाळी मात्र ती म्हणाली, "मावशी, आता दुखत नाही." मला हायसं वाटलं. मी तिला झोपवलं आणि ड्रेस पोचवून आले. परत आले तेव्हा ती घामाने भिजलेली, पोट फळीसारखं कडक. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, फुटल्यावर थोडा वेळ दुखणं थांबतं. त्यांनी ऑपरेशन केलं. ताई दुपारी पोचली, गणवेशातच. बटण तीन दिवस होती, मग गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई एकच सांगायची, "एवढी वर्षं पोटं बघितली आणि माझ्याच मुलीच्या पोटाचा अंदाज चुकला." बायका तिला समजावत. ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला परत तेच सांगायची. मी चहा करत होते, कप विसळत होते. तोंडाला कुलूप नसलेली मी त्या तेरा दिवसांत एक अक्षर बोलले नाही. नंतरही नाही. आधी वाटलं, ती जरा सावरली की सांगू. मग वाटलं, सावरली आहे तर कशाला सांगू.

पुढच्या सुट्टीत ती पुन्हा शिबिरात गेली. लोकांनी नावं ठेवली. घरी बसून तिने काय करायचं होतं? पण तिथेही ती बदलली. पंजा असो की बोट, प्रत्येक पोट ती गाडीत घालून डॉक्टरकडे न्यायची. ड्रायव्हर वैतागे, डॉक्टर हसत, व्यवस्थापक डिझेलच्या नावाने कुरकुर करत. ती कुणाचंच ऐकत नसे. कापसाचे बोळे आता ती स्वतःच वळायची.

असे बारा उन्हाळे गेले. यंदाचा तिचा शेवटचा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. डब्यांवरची नावं वाचायला कुणीतरी हवं, म्हणून मी सोबत गेले. तिची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. तीन खाटा, लोखंडी कपाट, हात धुवायचं बेसिन, आणि टेबलाशेजारी ते स्टूल. मला तिथे उगाच बसवेना, म्हणून मी खिडकीत उशांच्या उसवलेल्या खोळी शिवत बसायची.

तिसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर एक मुलगी आली. वेण्या दोन, डोळे भरलेले. पोट दुखतं म्हणाली. ताईने तिला खाटेवर बसवलं, थर्मामीटर लावला, पोट दाबून पाहिलं. मग डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिली, पण तिला नीट दिसेना.

"हात कसा ठेवलाय गं तिने?" तिने मला विचारलं. "पंजा की बोट?"

सवयीने माझी सुई चालूच होती.

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "या वेळी बघून सांग."

हातातली खोळ खाली पडली. म्हणजे त्या संध्याकाळी तिने फोनमधून मशीन ऐकलं होतं. बारा वर्षं तिला माहीत होतं, आणि बारा वर्षं ती लोकांना स्वतःची चूक सांगत राहिली. मला रडू फुटलं, पण आधी उठणं भाग होतं. मी खाटेपाशी गेले, वाकले, त्या मुलीचा हात नीट पाहिला.

"पंजा आहे, ताई," मी म्हणाले. "अख्खा पंजा. मी बघितलाय."

ताईने मान हलवली. मग दारात जाऊन तिने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.