शाळेत घातलेला ट्रक

"इंजिन बंद करू नको बे! बंद पडलं तर धक्का माराया काय सरपंच येनार हाय का?"

सोपानतात्या ट्रकच्या टपावरून ड्रायव्हरवर ओरडत होते आणि ट्रक उभा होता आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात, सभेच्या सतरंजीवर पुढचं चाक घालून. मागच्या हौद्यात माणसं, पोरं, भांडी, शेळ्या आणि कोंबड्यांची पाटी. हेडमास्तर हातातले कागद शेळीपासून वाचवत होते.

तात्या आमच्या गावचे ऊसतोडीचे मुकादम. आता हयात नाहीत. गेवराईच्या बाजारात त्यांनी हाक मारली की गोदावरीपल्याड जालना जिल्ह्यातले बैल माना वर करत. दसरा झाला की तोडणी मजुरांची टोळी घेऊन ते कर्नाटकातल्या कारखान्यावर जात. कानडी तिथंच शिकले, कारण वजनकाट्यावरच्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. पहिल्या हंगामात तात्यांना शिव्या कळू लागल्या, दुसऱ्यात देता येऊ लागल्या, आणि तिसऱ्यात तिथली माणसं आपल्या शिव्या दुरुस्त करून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागली. हे त्यांनीच सांगितलं, म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

त्यामुळे भाषा कशी शिकवावी यावर गावात बोलायचा हक्क आपल्याला एकट्यालाच आहे, अशी त्यांची समजूत होती. त्या वर्षी तसा विषयही निघाला. दिवाळीनंतर शाळेत सेमी इंग्रजीची तुकडी सुरू होणार होती. गणित-विज्ञान इंग्रजीतून, खोली एकच, जागा मोजक्या. सरपंचांचे मेहुणे बप्पासाहेब शाळा व्यवस्थापन समितीला उभे राहिले. त्यांचं धोरण सोपं होतं: फाटकाच्या आत मराठी बंद. पोरानं पाणीसुद्धा इंग्रजीत मागायचं, नाहीतर तहानलेलं राहायचं. आणि जागांसाठी चाचणी घ्यायची ती दिवाळीची सुट्टी संपल्यावर. तोवर टोळीवाल्यांची पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडात पोचलेली असणार, हे काही बप्पासाहेबांनी बोलून दाखवलं नाही.

नातीचे पालक म्हणून तात्याही उभे राहिले. पारावर दोघांची गाठ पडली तेव्हा तात्या म्हणाले, "टाका की पोरं इंग्रजीत, न्हाई कोन म्हनतंय? आमी बी पवायला शिकवताना पोरगं हिरीत ढकलतोच. पन आदी पाठीला डबा बांदतो. मराठी हा डबा हाय. हातपाय माराया लागलं की मग सोडायचा."

डबे बांधून कुणी साहेब होत नसतं, असं बप्पासाहेबांनी सुनावलं.

"नसंल होत. जित्तं तर ऱ्हातं. आन मला दुसरं सांगा, हीर समद्या गावाची हाय, मग उतरायला पायऱ्या तुमच्याच पोरांला कावून?"

पार हसला. बप्पासाहेब हसले नाहीत. समितीची निवडणूक म्हणजे पालकसभेत हात वर करणं, आणि टोळीचा ट्रक कोणत्या दिवशी सुटतो हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सभा नेमकी त्याच सकाळी ठेवली गेली.

तात्यांनी काही तक्रार केली नाही. सकाळी टोळी भरली, चाकासमोर नारळ फोडला, आणि हमरस्त्याला लागायचं सोडून ट्रक सरळ शाळेत घातला. फाटकाचा डावा खांब त्या दिवसापासून बप्पासाहेबांच्या धोरणासारखाच तिरपा आहे.

ट्रकातली माणसं सभेत धरता येत नाहीत, अशी बप्पासाहेबांनी हरकत घेतली. तात्यांनी चाकाखालची सतरंजी दाखवली. हेडमास्तरांनी सगळे नियम आठवून पाहिले. त्यांत ट्रकाबद्दल अवाक्षर नव्हतं. हात वर करा म्हटल्यावर हौद्यातून असे हात उठले की कोंबड्या उडाल्या. त्यातल्या काही मतांत धरल्या गेल्या, असं बप्पासाहेब आजही सांगतात. तात्या निवडून आले, आणि बाकीच्या सभासदांनी आपापले कान वाचवायला त्यांनाच अध्यक्ष केलं.

पहिला ठराव: चाचणी आत्ता, इथंच. बप्पासाहेबांचा मुलगा, गावातली इतर पोरं आणि ट्रकातली पोरं एकाच सतरंजीवर, चाकाच्या कडेनं बसली. इंजिनाच्या घरघरीवर हेडमास्तर घसा फोडून गणितं सांगत होते. पेपर तिथल्या तिथं तपासले. निम्म्या जागा टोळीच्या पोरांनी घेतल्या. तात्यांच्या नातीचं नाव वाचलं तेव्हा तिची आई हौद्यातून खाली उतरली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तिला उचलून परत वर ठेवलं. घरी सांभाळायला मागं कुणीच राहणार नव्हतं. टोळीची बाकीची पोरंही एकेक करून भांड्यांच्या मधे जाऊन बसली.

तात्या ड्रायव्हरशेजारी बसले. हेडमास्तर खिडकीपाशी आले. मागोमाग, त्या जागांवर डोळा ठेवून, बप्पासाहेबही आले. हेडमास्तर म्हणाले, "अध्यक्ष, तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार. पोरं तर तुमच्याबरोबर चालली. यांच्या जागांवर मी बसवू कुणाला?"

"रिकाम्या ठिवा," तात्या म्हणाले. "ऊस सरला की पोरं माघारी येतील, तवर त्या जागंवर दुसरं कुनी बसवायचं न्हाई."