नळाला लावलेली मोटार

इथे सुरतेला नळ सोडला की ब्लीचिंग पावडरचा वास येतो आणि मला लातूरची आमची गल्ली आठवते. तिथं आठवड्यातून एकदा नळ यायचा, त्या दिवशी मी शाळा बुडवून घागरी घेऊन बसायची. पण शेजारचे काका थेट नळालाच मोटार लावायचे, मग आमच्या तोटीला तळहात धरला तर पाणी येण्याऐवजी तो आत ओढल्यासारखा चिकटायचा. एकदा माझ्या मावशीनं बादलीत कपड्यांची नीळ कालवली, तोटीला नळी जोडली आणि तिचं टोक बादलीत सोडलं. "लई ओढून राहिलाय ना, ओढ म्हणावं!" बघता बघता काकांच्या मोटारीनं सगळी बादली ओढून नेली. थोड्या वेळानं काकांनी स्वतःच महापालिकेची माणसं बोलावली. "निळं पाणी पाजून राहिले का लोकायला?" ते ओरडले. "कोणत्या नळाला, दाखवा," म्हणत माणसं आत गेली आणि मोटार उचलूनच बाहेर आली. मावशी दारातून म्हणाली, "भावजी, सदरे लई पांढरे निघतील आता!" पुढं आम्हाला भरपूर पाणी आलं, पण तोवर गैरहजेरीपायी माझं नाव शाळेच्या पटावरून कमी झालं होतं. मावशीचे उपकार मी कधी विसरणार नाही. काकांचं ते पडलेलं तोंड आठवलं की आजही बरं वाटतं, पण तेवढ्यानं माझ्या बुडालेल्या शाळेची भरपाई झाली असं मात्र वाटत नाही.