पिसांवरचा लाल रंग

मी मुळात भित्री बाई आहे. पालीला भिते, लिफ्ट अडकेल म्हणून भिते, नवऱ्याला गाडी चालवताना डुलकी लागेल म्हणून शेजारी बसून उगाच बडबडत राहते. अशा बाईने स्प्रिंगफील्ड लेक्स या परदेशातल्या उपनगरातलं घर सोडून सुट्टीच्या दिवशी धनुष्यबाण घेऊन रानडुकरांच्या मागे जावं, हे माझ्या माहेरी अजून कोणाला खरं वाटत नाही. सुरुवात आखडलेल्या खांद्यापासून झाली. खांदा सुटल्यावर फिजिओ म्हणाली, आता काहीतरी ओढायचा व्यायाम कर. मी आर्चरी क्लबात गेले आणि तिथेच अडकले.

माझं धनुष्य साधं, लाकडाचं. चाकंबिकं लावलेल्या नव्या धनुष्यात दोरी पूर्ण ओढली की वजन हलकं होतं आणि माणूस आरामात नेम धरून उभा राहतो. साध्या धनुष्यात ती चैन नाही. सगळं वजन तीन बोटांवर येतं आणि जितकं थांबावं तितका हात थरथरतो. नेम धरायला काही यंत्रही नसतं. दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणायची, नजर जनावरावर नाही तर त्याच्या अंगावरच्या एका केसावर ठेवायची आणि बोटं सैल सोडायची. अख्खं डुक्कर बघितलं की बाण त्या अख्ख्या डुकरात कुठेतरी लागतो.

त्या ‘कुठेतरी’ची मला सगळ्यात जास्त भीती. आम्ही क्लबातले लोक जिथे शिकारीला जायचो ते गायीगुरांचं मोठं रान क्लबातल्याच एका बाईचं होतं. डुकरं तिची कुरणं नांगरल्यासारखी उकरून ठेवायची, म्हणून तिने परवानगी दिली होती. पण पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, “यू हिट इट, यू फाइंड इट, मेट.” जखमी जनावर टाकून घरी जायचं नाही. म्हणून जनावर जवळ आणि आडवं उभं असल्याशिवाय मी बाण सोडत नसे. समोरासमोर तर कधीच नाही. तिथे हाडं आणि जाड कातडं, बाण अडतो आणि डुक्कर मरत नाही, चवताळतं.

बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही, हाही नियम. आधी बाण शोधायचा आणि वाचायचा. उजळ लाल, पातळ रक्त म्हणजे फुप्फुसात लागला. जनावर जवळच पडलेलं असतं. हिरवट, घाण वासाचं काही लागलेलं दिसलं तर आतड्यात. मग मुकाट्याने मागे फिरायचं आणि दुपारपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही. त्याला एकटं सोडलं तर ते कुठेतरी बसतं आणि तिथेच संपतं. मागे लागलात तर ते तुमची वाट बघत बसतं.

त्या वर्षी खंडेनवमीला नवऱ्याने गॅरेजमध्ये शस्त्रपूजा मांडली. दरवर्षी तो लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि गाडी यांना कुंकू लावतो, एवढीच आमची शस्त्रं. यंदा त्यात माझं धनुष्य आणि बाण आले. धनुष्याला झेंडूची माळ, सगळं साग्रसंगीत. बाणांच्या पात्याला हात लावायची त्याची छाती होईना, कारण ती पाती मी दाढीच्या ब्लेडसारखी धारदार ठेवते. म्हणून साहेबांनी कुंकू भिजवून ते मागच्या टोकाला, पांढऱ्या पिसांवर चोपडलं.

मी संतापले. “अरे, पिसं ओली झाली की बसतात. बाण सरळ कसा जाणार?”

“अगं, जरा रंग लागला तर काय होतंय? शुभ असतं.”

धुता तर येईना. मी ती पिसं वाळू दिली आणि टूथब्रशने कुंकू झाडून काढलं. पिसं दिसायला पुन्हा पांढरी झाली. मुळाशी थोडं राहिलं असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. पहाटेच निघालो आणि उजाडता उजाडता ओढ्याकाठच्या डबक्यापाशी पोचलो. डुकरं तिथे चिखलात लोळायला येतात. नवरा शिकारीला पहिल्यांदाच आला होता, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी सांभाळायला. वारा तोंडावर येत होता, म्हणजे आमचा वास डुकरांकडे जाणार नव्हता. आम्ही पडलेल्या खोडाआड बसलो.

डुक्कर आलं तेव्हा मला आधी आवाज ऐकू आला, कोणीतरी ओले बूट घालून चालल्यासारखा. मग काळा, उंच खांद्यांचा नर डबक्याच्या कडेला आडवा उभा राहिला. सुळे दिसत होते. मी दोरी ओढली, केस शोधला आणि नेमक्या त्या क्षणी मला ते सुळेच दिसायला लागले. बोटं सुटली. धप्प आवाज आला, डुक्कर उसळलं आणि पलीकडच्या घाणेरीच्या जाळीत घुसलं. आपल्याकडे बांधावर असते तीच घाणेरी, इथे तिने टेकड्याच्या टेकड्या गिळल्यात.

बाण डुकराच्या आरपार जाऊन चिखलात रुतला होता. फक्त पिसं वर होती, भिजलेली, आणि त्यांच्यावरून उजळ लाल, पातळ ओघळ खाली येत होते.

“फुप्फुसात लागलाय,” मी म्हणाले. “मेला असेल एव्हाना. जवळच असेल.”

मी बाण उपसला आणि गवतावर पुसत उभी राहिले. नवरा खाली बघत, हरवलेली कुडी शोधावी तसा रक्ताचे थेंब शोधत निघाला आणि डुकरांनी पाडलेल्या वाटेने जाळीत शिरला. धनुष्यवाल्याच्या पुढे कोणी चालायचं नाही, हे त्याला सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मेलेल्या डुकराची कसली भीती?

चिखल निघाला आणि खालची बाणाची काडी दिसली. तिच्यावर हिरवट, चिकट घाण होती आणि असा वास आला की मी तोंड फिरवलं. पुन्हा पिसांकडे पाहिलं. लाल बोटाला लागलं, पण रक्तासारखं चिकटेना. दोन बोटांत चोळलं तर रवाळ लागलं. ते कुंकू होतं.

मला हाक मारायची होती, पण मारता येईना. हाक मारली तर डुक्कर उठेल. नाही मारली तर तो चालत राहील. मग मी दुसरा बाण दोरीला लावला आणि वाकून त्या वाटेने आत शिरले. काटे केसांत अडकत होते. माझ्याच श्वासाचा आवाज मला एवढा मोठा वाटत होता की मी मधेच तो धरून ठेवत होते.

जाळी एका ठिकाणी थोडी मोकळी झाली होती. पलीकडच्या टोकाला नवऱ्याची पाठ दिसली. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधे कडेची पानं हलली आणि डुक्कर उठून उभं राहिलं. नवरा त्याला ओलांडून गेला होता, हातभर अंतरावरून, आणि त्याला कळलंही नव्हतं. आता तो वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

डुकराचं तोंड माझ्याकडे होतं. मी दोरी ओढली. ओठाच्या कोपऱ्याला आणली. डुक्कर समोरासमोर, आणि त्याच्या बरोबर मागे नवऱ्याचा निळा टी-शर्ट. सुळे एकमेकांवर घासल्याचा करकर आवाज येत होता. माझा हात थरथरायला लागला. सोड, सोड, असं सगळं अंग ओरडत होतं. बोटं दुखायला लागली आणि मला कळलं की आणखी थोडा वेळ गेला तर ती आपोआप सुटतील, जशी मघाशी सुटली होती.

मी दोरी परत नेली. हळूहळू, सगळं वजन धरून. ओढण्यापेक्षा ते अवघड असतं. डुक्कर एक पाऊल पुढे आलं. मी धनुष्य खाली धरून बाजूला, सरळ काट्यांमध्ये सरकत गेले, निळा टी-शर्ट त्याच्या मागून निघेपर्यंत. ते माझ्याबरोबर वळत राहिलं. नवऱ्याच्या हातातून पिशवी पडली. स्टीलच्या बाटल्या खणखणल्या, डुकराने गर्रकन तिकडे अंग फिरवलं आणि माझ्यासमोर ते आडवं झालं. मी ओढलं. या वेळी पुढच्या पायामागचा एकच केस पाहिला, बाकी काही पाहिलं नाही, आणि बाण सोडला.

ते नवऱ्याच्या दिशेने धावलं आणि त्याच्यापर्यंत पोचायच्या आत बसलं. मग आडवं झालं. पाय हलायचे थांबेपर्यंत आम्ही दोघं जागचे हललो नाही. मला आनंद वगैरे काही झाला नाही. त्याचे जे हाल झाले ते माझ्या पहिल्या बाणाने झाले, एवढंच डोक्यात होतं. मी तिथेच खाली बसले.

तो लांबून वळसा घालून माझ्याकडे आला.

“पहिल्यांदा ओढलंस आणि सोडलंच नाहीस,” तो म्हणाला. “धनुष्य खाली घेतलंस. मला वाटलं, झालं, संपलो मी. घाबरलीस ना?”

“हो.”

“साहजिक आहे. केवढं ते धूड. मी तर—”

“डुकराला नाही.”

मग मी आधी उभी होते त्या जागेकडे त्याने पाहिलं, डुक्कर उठलं होतं त्या दबलेल्या गवताकडे पाहिलं आणि शेवटी मान वळवून आपली पिशवी पडली होती तिथे. पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी उलट, पिशवीपासून माझ्या जागेपर्यंत, एका सरळ रेषेत.

तो माझ्यासमोर बसला. धनुष्य माझ्या हातातून काढून त्याने बाजूला ठेवलं. माझ्या उजव्या हाताची बोटं अजून दोरी धरल्यासारखी वळलेली होती आणि ती मला उघडता येत नव्हती. त्याने ती एक एक करून सरळ केली.