सकूने शिवलेली चोळी

मैत्रिणींनो, पौडच्या शिवणवर्गात मी शिकवते. माझी विद्यार्थिनी सकू विधवा आहे. शिवणकामावरच तिला पोट भरायचं आहे. भरे गावच्या एका नवरीची चोळी हे तिचं पहिलं बाहेरचं काम.

आज नवरीची आई ती चोळी घेऊन परत आली.

"बाई, बसती झ्याक. पन रांडमुंड बाईनं शिवलीया, हे आदी का न्हाई सांगितलं? हळदीच्या अंगाला ही न्हाई चालायची."

मी खूप भांडले. चोळी मशीनवर टाकून ती बाई निघून गेली.

सकूने चोळीची नीट घडी घातली.

"बाई, त्यास्नी बोलू नगा. माज्या लेकीच्या लग्नात मी बी असली चोळी घेतली नसती."

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?