मेसच्या काकूंचा इंग्रजी फळा

“काकू, माझा इंटरव्ह्यू होता! नोकरीचा इंटरव्ह्यू!” असं मी सदाशिव पेठेतल्या त्या मेसमध्ये इतक्या जोरात ओरडलो, की जेवायला बसलेल्या अठरा पोरांचे अठरा घास हवेत थांबले आणि शेजारच्या दवाखान्यातला एक पेशंट तपासून न घेताच बरा होऊन घरी गेला, असं मागाहून कळलं. काकूंवर परिणाम शून्य. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, फडक्याने दाबली, ती फुगल्याची खात्री करून घेतली आणि मगच माझ्याकडे बघितलं. “अहो वर्धा, मंगळवारी फळ्यावर लिहिलं होतं. आज बुधवार. आमंत्रणपत्रिका छापायला हवी होती का?”

इंग्रज हा देश सोडून का गेले याची कारणं शाळेच्या पुस्तकांत भलतीच दिलेली आहेत. आमच्या मेसच्या काकू थोड्या आधी जन्मल्या असत्या आणि त्यांचं इंग्रजी साहेबाच्या कानावर पडलं असतं, तर ते काम एका आठवड्यात, कोणालाही तुरुंगात न पाठवता आटोपलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. वास्तविक मेसच्या दारातला तो फळा पूर्वी चांगला मराठी होता. ‘आज : भरली वांगी’ एवढंच लिहिलेलं असायचं आणि लोक मुकाट्याने जेवायचे. मग देशाची दारं उघडली, हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या आणि त्यांत शिरण्याच्या आशेने वर्धा, लातूर, नांदेड, लखनौ, चेन्नई अशा गावोगावची कॉम्प्युटर शिकलेली पोरं पेठेत येऊन पडली. काकूंनी कोणाचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. जो ज्या गावचा, ते त्याचं नाव. मी वर्धा, माझा रूम पार्टनर लातूर. चेन्नई आणि लखनौला मराठी वाचता येत नाही हे कळल्यावर काकूंनी एका दिवसात धोरण बदललं. नववीत लग्न झाल्यामुळे राहून गेलेलं इंग्रजी त्यांनी आमच्याच तोंडून ऐकून उचललं आणि जसं ऐकू आलं तसं, ठसठशीत कॅपिटल अक्षरांत, फळ्यावर उतरवायला सुरुवात केली.

कारल्याच्या दिवशी फळ्यावर ‘बेटर गॉड’ असायचं, आणि ती भाजी ताटात पडली की आम्हाला खरोखरच अधिक चांगला देव शोधावासा वाटायचा. दह्याला त्या ‘कार्ड’ लिहीत. ‘एक्स्ट्रा कार्ड मागून घेणे’ हे वाचून लखनौने पहिल्याच दिवशी कॉलेजचं ओळखपत्र काढून दाखवलं होतं. पाहुणा आणायचा असेल तर आदल्या दिवशी सांगावं, हा मेसचा जुना नियम. त्याचं इंग्रजी ‘घोस्ट मस्ट टेल वन डे बिफोर’ असं झालं, आणि इतकी शिस्तीची भुतं फक्त सदाशिव पेठेतच असू शकतात याबद्दल आमच्यात एकमत होतं. सगळ्यांत कहर म्हणजे निरोपाचा नियम : ‘बॉइज मसाज ऑन बोर्ड ओन्ली.’ माझे वडील एकदा वर्ध्याहून मला बघायला आले, तेव्हा ते हे वाचून दारातच थबकले, पिशवी छातीशी धरली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “तू इथं फक्त जेवतो ना बाप्पा?”

मी एकदा ‘घोस्ट’मधलं एक अक्षर अंगठ्याने पुसायला गेलो. काकू मागे उभ्या. “वर्धा, ते पाहुण्यांबद्दल आहे हे तुम्हाला समजलं का?” समजलं, म्हटलं. “मग ज्याच्यासाठी लिहिलं त्याला समजलं. आता हात धुवा.” त्या दुपारी मला आमटी फक्त दाखवण्यात आली.

बरं, लिहिण्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. ऐकण्यातही तोच कारभार. लातूरला नोकरी लागली आणि हाती काम नाही म्हणून कंपनीने त्याला तीन महिने ‘बेंचवर’ ठेवलं. एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीत पोराला दिवसभर बाकावर बसवतात हे काकूंना सहन होईना. त्यांनी जुन्या साडीची उशी शिवून डब्यासोबत बांधून दिली, आणि लातूर तीन महिने ती उशी घेऊन कंपनीच्या बसने गेला, कारण नाही म्हणण्याची हिंमत त्याच्यात नव्हती. कोणी ‘आज डेडलाइन आहे’ म्हणालं, की त्या पदराला हात पुसून फोनचा रिसीव्हर कानाला लावत आणि सांगत, “चालू आहे की.”

तो फोन हाच आमचा जीव की प्राण. आमच्यापैकी कोणाकडे फोन नव्हता. सगळ्यांच्या बायोडेटावर मेसचाच नंबर. निरोप मात्र तोंडी मिळत नसे. कधीकाळी नांदेडने ‘तुम्ही मला सांगितलंच नाही’ असं धडधडीत खोटं सांगितलं होतं, तेव्हापासून निरोप भाजीच्या खाली खडूने लिहिला जाई आणि दुसऱ्या सकाळी फळ्याबरोबर पुसला जाई. जो जेवायला येईल त्याने वाचावा. जो येणार नाही, त्याने का आलो नाही हे स्वतःला विचारावं.

मी सहा महिने नोकरीशिवाय होतो. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर वर्ध्याला येऊन खताच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी पिशवी छातीशी धरूनच सांगून ठेवलं होतं, आणि दिवाळी दहा दिवसांवर आली होती. अशात मंगळवारी दोन्ही वेळा दुधी भोपळा असल्याची पक्की खबर लातूरने आणली आणि मी दोन्ही वेळा डेक्कनवर जाऊन पावभाजी खाल्ली. त्याच मंगळवारी हडपसरच्या कंपनीचा फोन आला, बुधवारी सकाळी दहाला बोलावलं, काकूंनी ते दुधीखाली लिहिलं आणि सकाळी पुसलं. बुधवारी संध्याकाळी मी ताटावर बसलो तर त्याच मला विचारतात, कसा झाला इंटरव्ह्यू.

“मी वरच्याच मजल्यावर राहतो,” मी म्हटलं. “जिना चढून सांगता आलं असतं.”

“आणि तुम्हाला जिना उतरून जेवता आलं असतं.”

अठराच्या अठरा पोरं हसली. आणि मी, ज्याची दिवाळी खताच्या पोत्यांवर जाणार होती तो मी, जे बोलू नये ते बोललो. “आलो असतो तरी काय उपयोग? तुमचं ते इंग्रजी वाचून कोणाला काय कळलं असतं?”

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. पेठेत राहून मी बरंच काही पाहिलं होतं. पण काकूंच्या तव्यावर पोळी करपलेली पहिल्यांदा पाहिली.

गुरुवारी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं : ‘आज : कारल्याची भाजी.’ मराठीत. चेन्नई फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग त्याने मला विचारलं, की हे काय आहे. मी सांगितलं. त्यानंतर लखनौने विचारलं. त्यालाही सांगितलं. त्या दिवशी मी तीन वेळा कारलं मागून घेतलं. काकूंनी तीन वेळा वाढलं. संध्याकाळी त्याच भाजीखाली एक ओळ होती : ‘वर्धा. इंटरव्ह्यू उद्या दहाला. हडपसर.’

मला वाटलं, कंपनीला माझ्यावाचून करमत नसावं. शुक्रवारी सकाळी पावणेदहालाच पोचलो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझे कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या मेसच्या काकू बऱ्या आहेत ना? काल सकाळी फोन आला होता त्यांचा.” घोस्ट, मसाज, बेटर गॉड, सगळी मंडळी डोळ्यांपुढून रांगेने गेली. त्या पंधरा मिनिटांत मी कॉम्प्युटरबद्दल जे काही बोललो ते मला आजही आठवत नाही. पण नोकरी लागली.

आता मी हडपसरलाच राहतो. कंपनीच्या कँटीनमध्ये चकचकीत मेनू लावलेला असतो, त्यात एकही चूक नसते. दही दहीच असतं, पाहुणा पाहुणाच असतो. महिनाभर जेवायला गेलं नाही तरी कोणी काही म्हणत नाही. कोणाच्या लक्षातच येत नाही.

पेठेतली खोली सोडली त्या दिवशी मी पेढे घेऊन खाली गेलो. काकूंनी एक पेढा देवापुढे ठेवला, एक तोंडात टाकला आणि कणकेत पुन्हा हात घातला. मला राहवेना. त्या हडपसरच्या बाईंशी इंग्रजीत नेमकं काय बोललात, असं मी विचारलं.

“इंग्रजीत कशाला?” काकू म्हणाल्या. “माफी मागायची होती.”