पाण्याचा ताबा

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. उभ्या नगर जिल्ह्यात ज्याला एखादं कोंबडीचं पिल्लूही घाबरलं नसेल, अशा माणसाला मी घाबरत होतो. ते माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. नोकरीत ते पाटकरी. धरणाचं पाणी पाटाला सुटलं की काठानं चालायचं आणि ठरल्या पाळीनं शेतांकडे जाणाऱ्या एकेका चारीचं दार उघडायचं, लावायचं, हे त्यांचं काम. पुढचा माणूस येऊन दाराच्या चाकावर हात ठेवून 'घेतलं' म्हणेपर्यंत काकांनी स्वतःचा हात कधी उचलला नाही. हा नियम सरकारी नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. नोकरी संपली, मावशी गेली, मग घरातल्यांची नावं एकेक करून गेली, पण पाणी काही डोक्यातून गेलं नाही. नगरला माझ्याकडे राहायला आल्यावर शेजारणीचा हंडा नळाखालून उचलून ते पुढच्या दाराशी नेऊन ठेवत आणि वर तिलाच सांगत, "तुमचं रान भिजलं, बाई." आम्ही हसायचो. एकदा मुलं घरात एकटी असताना त्यांनी गॅसची कळ पिरगाळली आणि मी दारात पाऊल टाकताच, "सोडलं बरं का," असं समाधानानं सांगितलं. तिथून हसणं संपलं.

देवळाली प्रवरेजवळ उसाच्या रानात एक लहानसा वृद्धाश्रम होता. मागच्या बाजूला विसरणाऱ्यांसाठी दोन खोल्या, त्यांना दुपारी आणि रात्री कडी बाहेरून. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. "काका, तुमची बदली झालीय," मी म्हणालो. "तुमच्या जागी माणूस आला की मी न्यायला येतो."

"ऑर्डर कुटं हाय?"

"तोंडी आहे."

"चालती. पान्याच्या कामाला तोंडीच असती," म्हणून त्यांनी टोपी घातली.

आठवड्याभरात त्यांनी आश्रम ताब्यात घेतला. पाणी आधी शेपटाला, म्हणजे पाटाच्या टोकाला, मग मुखाला, या हिशेबानं सगळ्यात लांबच्या खोलीतल्या आजी पहिल्यांदा आंघोळीला जाऊ लागल्या. पुढच्या दाराशी राहणारे चाचा, म्हणजे राहुरीचे एक म्हातारे शिंपी, खांद्यावर पंचा टाकून दुपारपर्यंत बसत. "चाचा, तुमी मुखाशी हाय. मुखाच्या मानसाला पानी कधी कमी पडतं व्हय?" काका विचारत. "साहेब," चाचा म्हणत, "मुखाशी बसूनच माझं रान वाळलं." आश्रम चालवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "आंघोळीवरनं भांडणं व्हायची, ती मिटली बघा. आता दुधालाही पाळी लागलीय तेवढी."

मी रविवारी जायचो आणि फाटकाशी घुटमळायचो. "आला का मानूस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खोटं बोललोय हे त्यांना एखाद्या दिवशी उमगेल याची मला भीती. आणि दुसरी भीती माझी मलाच. रक्ताचं नातं नव्हतं, तरी चष्मा कुठं ठेवला ते आठवलं नाही की त्यांच्या शेजारची मोकळी खाट डोळ्यांपुढे यायची.

अशाच एका रविवारी भर दुपारी पाटाला पाणी सुटलं. व्हरांड्यापर्यंत आवाज आला. बाई आत जाऊन लगेच परतल्या. त्यांचा चेहरा उतरलेला. कडी उघडी होती, खाट रिकामी. मी पाटाच्या भरावावरून धावत सुटलो. पाट काठोकाठ होता. मी काठाकडे पाहतच नव्हतो, पाण्यावर पांढरी टोपी शोधत होतो.

काका चारीच्या दाराशी बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हात चाकावर.

"लई उशीर केला, लेका. ठेव हात."

"जेवायला चला, काका."

"तू घेतलं म्हन, की मी घरी चाललो. तुज्याकडं."

एक शब्द तर बोलायचा होता. पण तो बोललो असतो तर त्यांची नोकरी संपली असती, आणि नोकरी संपलेला माणूस घरी येतो. घरी मुलं होती, गॅस होता. मी दोन्ही हात खिशात घातले. म्हणालो, "मी नाही. तुमचा माणूस उद्या येणार आहे."

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "उद्या तर उद्या," म्हणाले. "तवर बघतो मी."

मागून आलेल्या बाईंनी "शेपटाचं पाणी खोळंबलंय, चला," म्हटल्यावर ते उठले. पण मूठ उघडली नाही. चाक धरल्यासारखी मिटलेलीच त्यांनी आश्रमापर्यंत आणली.

नंतर माझ्या फेऱ्या विरळ झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. मी पोचलो तेव्हा बाई सांगत होत्या, सकाळपासून खाटेची दांडी घट्ट धरून होते, कुणाला सोडवेना. शेवटी चाचांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, कानाशी वाकून "घेतलं, साहेब" म्हणाले, तेव्हा बोटं सैल झाली.

चाचांनी घेतलं, कारण घेणारं दुसरं कुणी नव्हतं. पाळी माझी होती. तो शब्द मी काकांना अजून देणं लागतो.