रखमाबाईंचा सव्वा महिना

कोपरच्या आमच्या इमारतीतली बहुतेक मुलं रखमाबाईंच्या पायांवर न्हाली आहेत. बाळंतिणीला मालिश करणं आणि बाळाला न्हाऊ घालणं हा त्यांचा व्यवसाय. जीभ फटकळ, हात मात्र विलक्षण मऊ. माझ्या नातीच्या वेळी मी मध्येमध्ये सूचना करत होते, तेव्हा त्यांनी मला पाणी गरम करायच्या कामाला लावलं होतं.

टाळेबंदीच्या वर्षी, पावसाळ्यात, समोरच्या अंतराला मुलगा झाला. प्रसूतीच्या वेळी तिला कोरोना निघाला. बाळाला नव्हता, म्हणून तिचा नवरा महेंद्र बाळाला घरी घेऊन आला आणि बाटलीने दूध पाजू लागला. अंतराची आई चिपळूणकडे अडकलेली.

अंतरा बरी होऊन परतली. बाळाला खुशाल जवळ घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ती घेईना. मास्क लावून खोलीच्या दारात उभी राहायची आणि लांबूनच त्याच्याकडे बघायची. बाळ रडलं की मागे सरकायची.

"माझ्यामुळे त्याला काही झालं तर?" ती मला फोनवर म्हणाली.

मी रखमाबाईंना कळवलं. त्या लगेच आल्या, पण सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा यांनी त्यांना फाटकावरच थांबवलं. बाहेरच्या माणसाची रोजची ये-जा चालणार नाही, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. इमारतीत आम्हा म्हाताऱ्यांचाच भरणा.

रखमाबाईंनी जरा विचार केला. "ये-जा नको ना? मग मी येते, जात नाही."

त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन त्या अंतराकडे सव्वा महिन्यासाठी राहायला आल्या. आपला नातू सोडून दुसऱ्याच्या पोराकडे चाललीस, म्हणून त्यांचा मुलगा तानाजी रागावला होता. आपला नातू आता पळतो, त्याला माझे पाय लागत नाहीत, असं त्यांनी त्याला ऐकवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी आधी अंतराला चटईवर बोलावलं. मला हात लावू नका, म्हणत ती भिंतीला टेकली.

"अगं, लांबून मालिश होत असती तर मी फोनवरच केली नसती का? ये, आडवी हो."

पाठीवर तेलाचा हात फिरला आणि अंतरा हुंदके देऊन रडू लागली. इस्पितळात तिला लागले ते सगळे हातमोजे घातलेले हात. रखमाबाईंनी हात तेवढा चालू ठेवला. हे मला नंतर अंतरानेच सांगितलं.

असे काही दिवस गेले. बाळाला त्या न्हाऊ घालत, अंतरा दारातून बघे. मग एका सकाळी त्यांनी तिलाच पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि तेल लावलेलं बाळ तिच्या पायांवर पालथं घातलं. अंतराचे दोन्ही हात हवेत. बाळ वळवळलं.

"धर त्याला, निसटेल," रखमाबाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा हात बाळाच्या खालीच होता, पण ते अंतराला दिसत नव्हतं.

तिने धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट.

त्यानंतर बाळाची अंघोळ तिच्याकडेच राहिली. सव्वा महिना पुरा होईपर्यंत रखमाबाई रोज मोरीच्या दाराशी बसून तिच्या चुका काढायच्या, आणि उघड्या खिडकीतून मला त्या दोघींचं भांडण ऐकू यायचं.